सशाची लव आणि चर्मकाराची रापी

पावसाळा सरल्यानंतरच्या पहिल्या अभ्यासवर्गात अलिबागला एक ठराव आला आणि संमत न होता पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. ठराव मांडणारी साथी महाविद्यालयात शिकणारी, विशीतली मुलगी. मांडव्यापासून किहीमपर्यंतच्या किनाऱ्यावर मुंबईकर धनिकांचे जे बंगले गेल्या काही दशकांत उभे राहिले, त्यांपैकी एकासमोरच्या पुळणीवर लग्नाआधीची छायाचित्रे काढण्याचा सोहळा तिने पाहिला. ऑक्टोबरच्या उन्हात वधूच्या अंगावर पांढऱ्याशुभ्र फरचा कोट होता. खरा की नकली, असे हिने विचारले. खरा, सशाचा, परदेशातून आणलेला, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. मुलगी घरी आली आणि तिने ठराव लिहिला : कार्यकर्त्यांनी प्राण्यांचे कातडे, फर वा चामडे यांपासून केलेली कोणतीही वस्तू वापरू नये.

विरोधाला उभे राहिले महाडकडचे एक वृद्ध चर्मकार साथी. ते म्हणाले, "पोरी, सशाचं तुझं बरोबर आहे. पण तू सशाला आणि माझ्या चपलेला एका ओळीत बसवलंस. माझ्या बापानं रापी चालवली, मी चालवली. ठराव झाल्यावर मी हातानं काय करायचं, तेही त्यात लिही." सभेत कोणी हसले नाही. अध्यक्षांनी मला, जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून, लेखी मत देण्यास सांगितले. ते येथेच मांडतो, कारण हा प्रश्न एका तालुक्याच्या अभ्यासवर्गापुरता नाही.

आधी सशाविषयी. फरच्या व्यापाऱ्यांचा नेहमीचा बचाव असा की, ससा मांसासाठी मारला जातोच, कातडे फुकट जायचे ते आम्ही वापरतो. हा बचाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटतो. मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात संयुक्त पुरवठ्याची चर्चा करताना गोमांस आणि कातडे हेच उदाहरण घेतले आहे. एका प्रक्रियेतून दोन वस्तू निघतात. त्यांपैकी जिच्या मागणीवर उत्पादन अवलंबून असते ती मुख्य, दुसरी उपवस्तू. उपवस्तूची मागणी थोडी वाढली वा घटली तरी मारल्या जाणाऱ्या जनावरांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. बैलाच्या वा म्हशीच्या कातड्याला हा नियम बऱ्याच अंशी लागू आहे. शेतकरी म्हैस पाळतो ती दुधासाठी, बैल पाळतो तो नांगरासाठी. चपलेचा भाव वाढला म्हणून कोणी गोठ्यात जादा बैल बांधत नाही.

सशाला मात्र हा नियम लावता येत नाही. मांसाचा ससा अडीच-तीन महिन्यांचा होताच मारला जातो, कारण त्यानंतर त्याला घातलेला चारा परवडत नाही. त्या वयात त्याची लव कच्ची असते, गळत असते. कोटासाठी ती निरुपयोगी. पक्की, दाट लव हवी तर ससा पाच-सहा महिने, तेही शक्यतो थंडीपर्यंत पोसावा लागतो. म्हणजे कोटाचा ससा हा कोटासाठीच पोसलेला असतो. 'रेक्स' नावाची जात तर १९१९ मध्ये फ्रान्समध्ये सापडली ती तिच्या मखमली लवेमुळे, आणि जगभर वाढवली गेली तीही त्याच कारणाने. उभे जन्म तारेच्या पिंजऱ्यात काढलेले दोन-तीन डझन प्राणी एका लांब कोटात जातात. चीन हा आज या व्यापाराचा मोठा पुरवठादार आहे. तेथील अंगोरा सशांची लोकर जिवंतपणी उपटून काढतानाची चित्रफीत २०१३ च्या नोव्हेंबरात जगापुढे आली, तेव्हा युरोपातल्या अनेक बड्या कपडेविक्रेत्यांना अंगोरा माल थांबवावा लागला. लोकर कातरूनही घेता येते. कुलूजवळच्या गारसा येथे आपल्या सरकारी केंद्रात अंगोरा सशांवर काम झाले आहे आणि हिमाचलात काही कुटुंबे त्यावर जगतात. उपटणे जलद आणि लांब धाग्याचे, म्हणून भाव जास्त. हिशोब एवढाच आहे.

तेव्हा सशाच्या फरविषयी माझे मत स्पष्ट आहे. जी वस्तू केवळ थाटासाठी आहे, जिच्यावाचून कोणाचे अडत नाही, आणि जिच्यासाठी प्राणी मुद्दाम जन्माला घालून मारला जातो, ती वापरणे अनीतीचे आहे. कोकणच्या उकाड्यात तर ते हास्यास्पदही आहे. पण हास्यास्पद असणे हा गुन्हा नव्हे, म्हणून तो मुद्दा सोडतो. आपल्या सरकारने २०१७ च्या जानेवारीत मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची, तसेच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांची आयात बंद केली. त्या यादीत ससा नव्हता. स्वस्त प्राण्याला कायद्यातही स्वस्तच स्थान मिळते.

याच किनाऱ्यावर सशाची दुसरी एक गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातला कातकरी पूर्वापार रानात फासे लावून रानससा धरीत आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बेकायदा ठरले. कायदा योग्य आहे, माझी त्याविषयी तक्रार नाही. पण वीटभट्टीवरच्या उचलीत अडकलेला कातकरी पावसाळ्यात घरी धान्य नसताना एक ससा धरतो तेव्हा त्याच्यामागे वनखाते आणि न्यायालय उभे राहते. आणि तीस सशांचा कोट घालून मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्याला कोणी हटकीत नाही. दोघांच्या हातून ससाच मेलेला आहे. भूक आणि हौस यांत फरक करणारा समाज असता तर तो उलट बाजूने कठोर झाला असता.

सशाच्या लवेचा जो खरा इतिहास आहे तो कोटांचा नाही, टोप्यांचा आहे, आणि आमच्या वर्गातल्या तरुणांना तो माहीत असावा असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतला प्रत्येक सभ्य गृहस्थ फेल्टची टोपी घाली. ती बहुधा सशाच्या लवेची असे. लव घट्ट विणली जावी म्हणून कातड्याला पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण लावीत. लवेची टोके गाजरासारखी तांबूस होत, म्हणून त्या क्रियेचे नावही गाजरावरूनच पडले. पुढे वाफेवर आणि गरम पाण्यात काम करताना त्या पाऱ्याची वाफ कामगारांच्या छातीत जाई. त्यांचे हात कापू लागत, दात पडत, स्वभाव बिघडे. अमेरिकेतील डॅनबरी हे टोप्यांचे गाव. तेथल्या लोकांनी त्या कंपाला गावाचेच नाव दिले होते. पाऱ्याचा तो वापर बंद व्हायला १९४१ चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि तोही युद्धासाठी पारा हवा होता म्हणून अधिक.

याच डॅनबरीच्या टोपीकामगारांनी संघटना मान्य करून घेण्यासाठी एका कारखान्याच्या मालावर बहिष्कार पुकारला, तेव्हा मालकाने त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. जो कायदा तेलसम्राटांना वेसण घालण्यासाठी केला असे सांगण्यात येत होते, तो १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोपी शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेला लावला. पुढे १९१५ मध्ये नुकसानभरपाईसाठी एकेका कामगाराची घरे आणि बँकेतल्या ठेवी जप्तीच्या फेऱ्यात आल्या. सशावर दया करणारी मंडळी त्या काळीही होती. टोपी डोक्यावर ठेवताना ती कोणाच्या कापऱ्या हातांनी घडली, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला.

आणि येथे मला आमच्या चर्मकार साथींकडे यायचे आहे.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हाचा तो कुलाबा. १९२७ च्या मार्चमध्ये तेथे परिषद भरली आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण त्याच परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, मेलेली गुरे ओढणे सोडा असे सांगितले, ते बहुतेक भाषणांत एका वाक्यात उरकले जाते. पाण्याचा हक्क मागणे हा अर्ज असू शकतो. गुरे न ओढणे हा संप असतो. आपल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायचे नाकारले आणि १९३९ पर्यंत ते नाकारीत राहिले, त्याला आपण संप म्हणतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. महाडच्या परिसरातल्या वाड्यांनी मेलेले ढोर गावाच्या दारात पडू दिले, तोही तसाच संप होता. त्याची शिक्षाही तशीच मिळाली : गावोगाव बहिष्कार.

त्या संपाविरुद्ध अर्थशास्त्रही वापरले गेले, आणि या गोष्टीने मला माझ्या विषयाविषयी लाज वाटते. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली आहे. 'केसरी'त कोणीतरी हिशोब मांडला होता की, गुरे ओढणे सोडल्यामुळे कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडून महारांचे नुकसानच होते. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा : एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मी पदरचे पैसे देतो. संयुक्त पुरवठ्याचा धडा मी एकोणतीस वर्षे फळ्यावर काढला. एका रेषेच्या टोकाला मांस, दुसऱ्या टोकाला कातडे. ती दोन टोके एकमेकांपासून अलग करणारा हात कोणाचा, हे आकृतीत कोठेच नसते. आणि मीही ते कधी विचारले नाही.

अहिंसेच्या बाजूने या प्रश्नाला सर्वांत गंभीर उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले. गांधीजींनी ७ सप्टेंबर १९३४ च्या 'हरिजन'मध्ये खेड्यातल्या कातडी कमावण्याच्या धंद्यावर लेख लिहिला. दरवर्षी सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते आणि त्यातले पुष्कळसे पक्क्या मालाच्या रूपाने परत येते, असा अंदाज त्यांनी दिला होता; आणि चर्मकाराला अस्पृश्य ठरवून आपण त्याची विद्या आणि त्याची कमाई दोन्ही बुडवली, असा त्यांचा रोख होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तेथे केवळ आपमृत्यूने मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. त्याला 'अहिंसक चामडे' म्हणत. प्रयोग प्रामाणिक होता, शास्त्रशुद्ध होता, आणि उच्चवर्णीय घरातली माणसे त्यात स्वतः हात घालीत होती ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही एक पेच उरतो. ज्या चामड्यात जनावराची हिंसा नाही, ते मिळवायला कोणीतरी मेलेले जनावर सोलावे लागते. नालवाडीला ते व्रत म्हणून कोणी करीत असेल; बाकीच्या लाखो गावांत ते जन्माने नेमून दिलेल्या जातीच करीत होत्या. वर्ध्यात अहिंसेने ज्या कातड्याला पवित्र केले, तेच कातडे महाडमध्ये माणसांनी माणूस होण्यासाठी टाकून दिले. या दोहोंपैकी एक बरोबर आणि एक चूक असे मी म्हणणार नाही, पण आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे मात्र सांगेन. सोलणाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार आधी. कातडे अहिंसक आहे की नाही याची चर्चा त्यानंतर.

हा जुना वाद नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले. मारणाऱ्यांच्या तोंडी प्राणिदयाच होती. त्यानंतर सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली गुरे आणून जिल्हाधिकारी कचेरीसमोर टाकली. महाडच्या संपानंतर नव्वद वर्षांनी तोच संप. आपल्या राज्यात मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. १९७६ चा मूळ कायदा गायीपुरता होता. म्हातारा बैल विकता येईना, त्याला पोसणे परवडेना, म्हणून शेतकऱ्याने तो सोडून दिला. कोल्हापूरच्या कारागिरांना बैलाचे कातडे मिळणे अवघड झाले. ढोर समाजाची जी घरे बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे पिकवतात, त्यांचे हौद ओस पडू लागले. ज्यांनी कायदा केला त्यांच्या पायांतले बूट मात्र कातड्याचेच राहिले.

मग २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात आपली कोल्हापुरी चप्पल उतरवली. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे नाव नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी समझोता करून येथील कारागिरांकडून २००० जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. त्यातले किती चांभाराच्या घरात आणि ढोराच्या हौदापर्यंत पोचतील, याची चौकशी आपल्या लोकप्रतिनिधींनी करावी.

आमच्या ठरावाच्या दृष्टीने या प्रकरणात महत्त्वाचे आहे ते वेगळेच. हीच कंपनी २०१९ मध्ये फर सोडल्याचे जाहीर करून बसली होती. प्राणिमित्र संघटनांनी अनेक वर्षे दबाव आणला, दुकानांपुढे निदर्शने केली, आणि सशाचा, मिंकचा आवाज मिलानपर्यंत पोचला. त्याबद्दल त्या संघटनांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण फर सोडणाऱ्या त्या सदसद्विवेकबुद्धीला सहा वर्षांनी कोल्हापूरच्या चर्मकाराचे नाव लिहिण्याची आठवण झाली नाही. सशाच्या बाजूने बोलणारी संघटना होती. चर्मकाराच्या बाजूने बोलणारी आपली असायला हवी होती. आपण काय करीत होतो?

आता पर्यायाचा प्रश्न. मुलीच्या ठरावात 'चामड्याऐवजी शाकाहारी चामडे' असे कंसात लिहिलेले आहे. हे शाकाहारी चामडे बहुतांशी प्लॅस्टिक असते, पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी. नकली फर बहुधा ॲक्रिलिकची. दोन्हींचा वंश खनिज तेलाचा. तो वंश आपल्याला परका नाही : नागोठण्याला पेट्रोरसायनांचा कारखाना आहे, उसरला गेलने पॉलिप्रॉपिलीनचा प्रकल्प आखला. तेथे फर बनते असे मी म्हणत नाही. पण ज्या उद्योगासाठी आपल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्याच उद्योगाच्या कुळातला माल पवित्र म्हणून घ्यायचा, तर एवढे तरी ठाऊक असावे. कोल्हापुरी झिजली की माती होते. प्लॅस्टिकची चप्पल झिजली की भरतीबरोबर रेवदंड्याच्या कोळ्याच्या जाळ्यात येते.

आणखी एक गोष्ट, थोडी आडवाटेची. गिधाडांना आपण अशुभ मानले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती मेली. ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झाले, तोवर बहुतेक संपली होती. आपल्या जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात काही उरली, ती स्थानिक माणसांच्या राखणीमुळे. फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब केला की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसे मेली. मढी कुजली, कुत्री वाढली, पाणी बिघडले. मेलेल्या गुराची विल्हेवाट लावणारे दोघेच होते, गिधाड आणि चर्मकार. एकाची किंमत तो नाहीसा झाल्यावर मोजली गेली. दुसऱ्याची अजून मोजायची आहे.

तर माझी दुरुस्ती अशी आहे. फर, मग ती सशाची असो वा अन्य कोणाची, कार्यकर्त्यांनी वापरू नये आणि लग्नसमारंभात दिसली तर स्पष्ट बोलावे. यावर ठराव बिनशर्त व्हावा. चामड्याचे पादत्राण वापरण्यास मनाई नसावी, मात्र ते शक्य तेथे वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याचे आणि थेट कारागिराकडून, त्याने सांगितलेल्या भावात घेतलेले असावे. घासाघीस करू नये. मेलेली जनावरे उचलणे आणि सोलणे हे काम ग्रामपंचायतींनी यंत्रे, हातमोजे, लसी आणि पगार यांसह कोणत्याही जातीच्या माणसाला नोकरी म्हणून द्यावे, आणि ते नाकारणाऱ्या कुटुंबावर कोणत्याही स्वरूपाचा दबाव येऊ नये, अशी मागणी आपण जिल्हा परिषदेकडे लावून धरावी. सशाच्या कातड्यांची आयातही २०१७ च्या बंदीत घालावी, असे पत्र आपल्या खासदारांकडे जावे.

मुलीला ही दुरुस्ती मी वाचून दाखवली. तिचे पूर्ण समाधान झाले नाही. बैल म्हातारपणी मारला जातो तेव्हा त्याला होणारी वेदना सशाच्या वेदनेहून कमी असते काय, असे तिने विचारले. कमी नसते, हे मला मान्य करावे लागले. मग मी केलेला भेद वेदनेवरचा नाही, गरजेवरचा आहे, आणि गरजेची सीमा प्रत्येक पिढी आपल्या सोयीने ठरवते असा तिचा आक्षेप आहे. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. महाडच्या साथींनी दुरुस्तीतले तिसरे कलम दोनदा वाचायला लावले आणि 'पगार' या शब्दाच्या आधी 'कायम' असा शब्द घालायला सांगितला. तो घातला आहे.

बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता आहे. ज्या शाखांना आणखी दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी त्या लेखी, आठ दिवस आधी पाठवाव्यात.